जास्तीचा 'व'

आमच्या गल्लीतले गावंडे वकील रोज सकाळी दहाला स्कूटर घेऊन कोर्टात जातात आणि संध्याकाळी स्कूटर घेऊन परत येतात. यात सांगण्यासारखं एवढंच, की ते तिच्यावर बसत नाहीत. दोन्ही हातांनी हँडल धरून, तिच्या डाव्या अंगानं चालत, ते तिला जुन्या शहरातून मोर्णा नदीच्या पुलावरून कोर्टापर्यंत ढकलत नेतात. काळा कोट सीटवर घडी करून ठेवलेला असतो आणि फायलींचं गाठोडं पाय ठेवायच्या जागी सुतळीनं बांधलेलं असतं. स्कूटर बिघडलेली मुळीच नाही. टाकीत पेट्रोल असतं, चाकांत हवा असते. दर दसऱ्याला वकीलसाहेब तिला धुतात, हार घालतात, एक किक मारून सुरू होते का ते बघतात आणि समाधानानं बंद करतात. आर.टी.ओ.त फेरपासिंगलाही त्यांनी ती ढकलतच नेली होती म्हणे.

मी लग्न होऊन साताऱ्याहून अकोल्याला आले त्याला चौतीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात हे दृश्य बघून मी यजमानांना म्हटलं, "अहो, समोरच्यांची गाडी बंद पडलीय, जरा हात द्या." यजमान पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बंद नाई पडली. ते तशीच नेतात." का नेतात, ते गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे डॉक्टरनं चालायला सांगितलंय, कोणी म्हणे पेट्रोल वाचवतात, आणि पलीकडच्या गिरणीवाल्याचं ठाम मत होतं की वकिलांना गाडी चालवताच येत नाही, लाजेकाजेस्तव सांगत नाहीत. वकिलांना थेट विचारलं तर ते घड्याळात बघून म्हणायचे, "सहा पन्नास झाले. चाला, निघतो."

संध्याकाळी सातला दुसरी फेरी. ती भाजीबाजाराची. या फेरीला मागच्या सीटवर प्रमिलाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, एका अंगानं बसलेल्या असतात. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, तो पुढे ताठ असतो. मांडीवर पिशवी. वकीलसाहेब ढकलतात आणि ताई वरून सूचना देतात, "खड्डा हाये. डावीकून घ्या. आता घ्या ना जी!" गल्लीतली पोट्टी आधी शिट्ट्या मारायची. ती पोट्टी मोठी होऊन नोकऱ्यांना लागली, त्यांची पोरं शिट्ट्या मारायला लागली, फेरी चालूच.

वकीलसाहेबांचा आवडता शब्द 'तफावत'. दोन कागदांत, दोन आकड्यांत, दोन माणसांच्या बोलण्यात जिथे मेळ बसत नाही तिथे ते उजव्या हाताचं बोट वर करतात आणि म्हणतात, "तफावत हाये." मग चेहऱ्यावर असं तेज येतं की समोरच्यालाही आपण चुकल्याचा आनंद व्हावा. गल्लीत कोणाचीही लग्नपत्रिका आली की ती आधी गावंड्यांकडे जाते, कारण नाही नेली तर ते मांडवात येऊन सांगतात. माझ्या नातीच्या बारशाचं निमंत्रण मी स्वतः लिहिलं होतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. माझ्या मजकुरात काय सापडणार? ते निमंत्रण त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचलं आणि म्हणाले, "बाई, पाळणा अकरा वाजता अन् पंगत साडेदहाले. लेकराचं नाव ठेवायच्या आधी लोकं जेवून ऱ्हायले. तफावत हाये." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

धंद्यातही ही तफावतच त्यांना पोसते. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेले लोक म्हणजे गावंडे वकिलांची खास गिऱ्हाइकं. ते स्वतः सुपारीसुद्धा खात नाहीत. पण पोलिसांचे कागद कसे लिहिले जातात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. एकदा तोंडात नळी धरून फुंकायला लावतात त्या यंत्राच्या चिठ्ठीवर वेळ होती आठ दहा, आणि पंचनाम्यात माणसाला अडवल्याची वेळ आठ पंचवीस. वकीलसाहेब कोर्टात म्हणाले, "साहेब, माहा अशील सापडायच्या पंधरा मिनिटं आधीच फुंकून गेला." अशील सुटला. दुसऱ्या एका खटल्यात तेच दोन पंच एकाच वेळी दोन चौकांत उभे होते. तिसऱ्यात डॉक्टरांनी दाखल्यात लिहिलं होतं, 'तोंडास वास येतो, चाल सरळ, बोलणे सुसंगत, रुग्ण स्त्री'. अशिलाला पिळदार मिशा होत्या.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "वकीलसाहेब, पिऊन गाडी चालवणाऱ्यांना तुम्ही सोडवता. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटते नं बाई," ते म्हणाले. "म्हणून तं शपथ देतो."

ती शपथ बघायला मी एकदा मुद्दाम कोर्टात गेले. निकाल लागला की ते सुटलेल्या माणसाला बाहेर कडुनिंबाखाली आणतात. तिथे स्कूटर लावलेली असते. त्याचा हात तिच्या हँडलवर ठेवतात आणि म्हणतात, "तू सुटला तो पोलिसाच्या चुकीनं सुटला. तुह्या शहाणपणानं नाई. आता बोल माह्या मागून. पेलो तं गाडीवर बसणार नाई. पेलो तं गाडी हातानं ढकलत नेईन." माणूस हसू दाबत बोलतो, वकिलांच्या पाया पडतो आणि पुढच्या वळणाला आपल्या गाडीला किक मारतो. तिथे जमलेले सगळेच हसत असतात. वकीलसाहेब मात्र हसत नाहीत. एवढ्या वर्षांत ती शपथ कोणी पाळल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

मग सुभाषचं प्रकरण झालं.

सुभाष आमच्या गल्लीतल्या अकरा पोरांना ऑटोनं शाळेत नेतो. माझी नात त्यातलीच. माणूस लाखात एक, पण वर्षातून चार-दोनदा लग्नकार्यात बसला की बसला. तीन वर्षांपूर्वी तो असाच मोटारसायकलवर सापडला होता, आणि यंत्राची ती आठ दहाची चिठ्ठी त्याचीच. तेव्हा गावंड्यांनी त्याला सोडवलं आणि हँडलवर हात ठेवून शपथ दिली. त्यानंतर तो पुन्हा सापडला तो गेल्या वर्षी, मेहुण्याच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, संध्याकाळी. मंगल कार्यालयातून मोटारसायकल घेऊन निघाला, नदीच्या अलीकडच्या वळणावर पोलिसांनी अडवलं, यंत्रात आकडा चांगलाच वर गेला. लायसन्स जमा. पकडला जायची ही दुसरी खेप. शाळेनं सांगून टाकलं की शिक्षा झाली तर ऑटो फाटकाच्या आत येऊ देणार नाही, आणि ते काही चूक म्हणाले नाहीत. तोवर ऑटो दारात उभा राहिला आणि सुभाष धान्याच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागला.

त्याच्या बायकोनं, मंगलानं, माझ्या ओट्यावर बसून सांगितलं, "बाई, त्याईनं गाडी चालवलीच नाई. पेले होते, हे खरं हाये. पण गाडी ढकलत आणून ऱ्हायले होते. वकीलसाहेबाची शपथ होती म्हणून."

गल्लीत कोणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. चालू गाडी, खिशात किल्ली, आणि प्यायलेला माणूस ती दोन किलोमीटर ढकलत येतो? असं कधी होतं का? एकट्या गावंड्यांचा विश्वास बसला, आणि त्यांनी अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "एवढी वर्षं झाली, माह्याकडे बेकसूर माणूस कधी आला नाई. जे आले ते पेलेले, अन् चालवून आलेले. हारलो असतो तरी रातच्याले झोप आली असती. हा पोट्टा तं खरंच निर्दोष हाये. आता काय करू?"

ते खरोखर भेदरले होते. कारण कागद निर्दोष होते. ठाण्यात नवे फौजदार आले होते, साताऱ्याकडचे, चार महिन्यांपूर्वीच रुजू झालेले, वयानं तरुण आणि अक्षर मोत्यासारखं. यंत्राची तपासणी कधी झाली त्याचा दाखला जोडलेला. नळी नवी, तिच्या पाकिटासकट. वेळा एकमेकींत चपखल बसलेल्या. दोन्ही पंच दोन वेगळी माणसं, आणि दोघंही हयात. वकीलसाहेबांनी तो पंचनामा पंधरा दिवस वाचला. रविवारी कोणाच्यातरी घरच्या वास्तुशांतीची पत्रिका आली, ती त्यांनी न वाचताच परत दिली, तेव्हा गल्लीला काळजी वाटली. प्रमिलाताई मला म्हणाल्या, "जेवण सोडलं त्याईनं. वरणात मीठ नव्हतं, तरी तफावत नाई काढली."

शेवटी एका सकाळी ते कागद घेऊन माझ्या ओट्यावर आले. "तुमी भाषेच्या मास्तरीण. मले आकडेच दिसतात. तुमी शब्द पाहा."

माझा एक दोष इथेच कबूल करून टाकते. तीस वर्षं मी वर्गात 'मले' दिसलं की लाल शाई फिरवली, 'तुले' दिसलं की फिरवली, 'जातोय'च्या जागी 'जाऊन राहिलो' दिसलं की पानभर फिरवली. पोरं घरी जे बोलतात ते वहीत नको, हा माझा नियम. चौतीस वर्षं इथे राहून मी स्वतः एकदाही 'करून राहिले' म्हटलेलं नाही, याचा मला अभिमानच होता. माहेरी गेले की बहीण म्हणायची, "तुझी भाषा कशी अजून जशीच्या तशी आहे गं!" आणि मी फुगायचे.

तर मी पंचनामा वाचला. मराठी सुरेख होती, एक वेलांटी चुकलेली नाही. मध्यावर एक वाक्य होतं: 'सदर इसमास विचारपूस करता त्याने, मी गाडी चालवून राहिलो, असे समक्ष सांगितले.'

"सुभाषला बोलवा," मी म्हटलं.

सुभाष गोदामातून तसाच आला, अंगभर भुसा. मी म्हटलं, "फौजदारांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास? अगदी तुझ्या शब्दांत सांग."

"काय म्हणणार बाई? त्यायनं विचारलं, काय करतो रे. म्या म्हटलं, साहेब, गाडी घेऊन चालून राहिलो."

"चालून की चालवून?"

"चालून! पायानं! चालवून काहून म्हणीन मी?"

मला एकदम माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. दिरांनी कुठूनसा फोन केला होता, "वहिनी, सायकल घेऊन चालून राहिलो, चहा ठेवा." मी समजले सायकल चालवत येतायत, पाच मिनिटांत पोचतील. चहा ठेवला, गाळला, झाकून ठेवला. भाऊजी आले तासाभरानं, पंक्चर सायकल हातात धरून, पायी. गार चहा पिताना म्हणाले, "सांगतलं तं होतं चालून राहिलो म्हणून." माझ्या साताऱ्याच्या कानानं त्यात एक 'व' आपल्या पदरचा घातला होता.

मी ही हकिकत सांगितली. वकीलसाहेबांचं उजवं बोट हळूहळू वर गेलं.

"एका 'व'ची," ते म्हणाले, "तफावत हाये." आणि घरात जाऊन प्रमिलाताईंना जेवण वाढायला सांगितलं. सकाळचे साडेनऊच वाजले होते.

साक्षीच्या दिवशी मला त्यांनी कोर्टात मागच्या बाकावर बसवलं. "माह्यं शुद्ध मराठी चुकलं तं खोका," अशी आज्ञा होती. माझ्या एका बाजूला मंगला बसली होती. पदराचं टोक तिनं इतकं पिळलं होतं की त्याची वात झाली होती.

फौजदार पिंजऱ्यात उभे राहिले. सरळ माणूस, हे बोलण्यावरूनच कळत होतं. वकीलसाहेबांनी विचारलं, "आरोपी गाडीवर बसलेला तुम्ही पाहिला?"

"नाही. मी वळणावर गेलो तेव्हा तो गाडीशेजारी उभा होता."

"इंजिनाचा आवाज आला?"

"जवळच वरात चालली होती. बँडमुळे काही ऐकू येत नव्हतं."

"दिवा चालू होता?"

"बंद होता."

"मग तो गाडी चालवत होता हे कशावरून म्हणता?"

"त्यानंच सांगितलं की."

"शब्द सांगा. जसेच्या तसे."

सरकारी वकील उठले आणि पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, मग ती विचारता कशाला, असं म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, "तेच तर मी म्हणतो. पण सगळा गुन्हा त्याच शब्दावर उभा आहे, म्हणून शब्द बघू." मॅजिस्ट्रेट बाईंनी परवानगी दिली. फौजदारांनी खिशातून छोटी वही काढली. जागेवर ऐकलेलं ते त्या वहीत लिहितात आणि मग ठाण्यात बसून पंचनामा सुवाच्य करतात, अशी त्यांची पद्धत. त्यांनी पान उलटलं, वाचायला लागले आणि अडखळले.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"गाडी घेऊन चालून राहिलो."

"पंचनाम्यात काय लिहिलंय?"

"चालवून राहिलो."

"हा 'व' कुठून आला?"

फौजदारांचे कान लाल झाले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वहीत लिहिताना चुकलो. यानं तसं केलं नाही. "मॅडम, मला वाटलं त्याचं व्याकरण चुकलं. दारू प्यायलेला होता. म्हणून मी दुरुस्त केलं."

कोर्टात हशा पिकला. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तीस वर्षांच्या वह्या आल्या. मीही असंच दुरुस्त करत बसले होते. कोणत्या पोरानं काय सांगितलं होतं आणि मी त्याचं काय करून टाकलं, कोण जाणे. मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली.

पण सरकारी वकील हुशार होते. गेल्याच आठवड्यात नागपूरहून बदलून आले होते. युक्तिवादाला उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, घटकाभर धरून चालू की तो चालूनच राहिला होता. पण का? गाडी चालू स्थितीत. टाकीत पेट्रोल. किल्ली खिशात. हवा भरलेली. अशी धडधाकट गाडी कोणी हातानं ढकलत नेतं का? व्यवहारात असं घडतं का? बचाव पक्षानं असा एक माणूस दाखवावा. फक्त एक."

मग शिरस्तेदारानं हळूच गावंड्यांकडे बघितलं. टायपिस्टनं बघितलं. दाराशी उभ्या शिपायानं बघितलं. बाकांवरचे झाडून सगळे वकील माना वळवून बघायला लागले. वकीलसाहेब मात्र खाली मान घालून फायलीची सुतळी सोडत आणि बांधत होते. ते उठून का बोलत नाहीत हे मला कळेना. खिडकीबाहेर, कडुनिंबाखाली, त्यांची स्कूटर उभी होती.

मॅजिस्ट्रेट बाईंची गाडी रोज सकाळी फाटकाशी त्या स्कूटरच्या मागे अडकते. त्यांनी एकदा खिडकीतून बाहेर बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि लिहायला घेतलं. नव्या सरकारी वकिलांना शिपायानं कानात काहीतरी सांगितलं. ते सावकाश खाली बसले.

निकाल आठवड्यानं लागला. सुभाष दारू प्यायला होता हे सिद्ध झालं, गाडी चालवत होता हे सिद्ध झालं नाही. तो सुटला. मंगला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग लगेच डोळे पुसून म्हणाली, "सोमवारपासून पोरायले सात वाजता तयार ठेवजा." बाहेर फौजदार वकीलसाहेबांना भेटायला थांबले होते. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडच्या दिसता. इथलं बोलणं समजायला कसं शिकलात?" मी म्हटलं, "अजून शिकायचंय." कडुनिंबाखाली वकीलसाहेबांनी या खेपेला शपथ दिली नाही. सुभाषनं आपण होऊन हँडलवर हात ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "तुले गरज नाई रे बापू," आणि चष्मा पुसायला तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी मी पुरणपोळ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. वकीलसाहेब आत हातपाय धूत होते. प्रमिलाताई ओसरीवर, पाय ताठ करून, पिशवी मांडीवर घेऊन सातची वाट बघत होत्या. मी विचारलं, "ताई, कोर्टात ते बोलले का नाहीत? 'असा माणूस मीच' एवढं म्हणायचं होतं."

ताईंनी आत एक नजर टाकली. "काहून ढकलतात, ते सांगा लागलं असतं नं मंग."

मग त्यांनीच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा. वकीलसाहेब अमरावतीला वकिली शिकत होते. मित्राकडच्या कार्यात ते प्यायले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. येताना ताई मागे बसल्या होत्या. वळणावर स्कूटर घसरली. वकीलसाहेबांना खरचटलंही नाही आणि ताईंचा गुडघा गेला. खटला झाला. हवालदारानं पंचनाम्यात पत्नीचा डावा पाय लिहिला होता, दवाखान्याच्या कागदावर उजवा होता. त्यांच्या वकिलानं कोर्टात बोट वर करून सांगितलं, तफावत आहे. ते सुटले.

"उड्या मारत घरी आले," ताई म्हणाल्या. "सुटलो म्हणे, तफावत निघाली म्हणे. मी खाटेवर होती. म्या म्हटलं, तफावत कागदात हाये जी. माह्या पायात नाई."

"मग?"

"मंग काई नाई. दुसऱ्या दिवसापासून बसले नाई गाडीवर. म्या लय सांगतलं, झालं गेलं. पहिले मले राग होता, नाई कसा म्हणू? पण किती वर्षं धरून ठेवता राग? आता तं बसायची सवय झाली." त्यांनी ओसरीखाली उभ्या स्कूटरकडे हनुवटीनं खूण केली. "तीच हाये."

आतून वकीलसाहेब आले. घड्याळ बघितलं. "सात." ताईंना हात देऊन उठवलं, सीटवर बसवलं, ताठ पाय सांभाळून जरा पुढे केला, पिशवी मांडीवर नीट ठेवली. रोज बघितलेलं होतं हे सगळं, चौतीस वर्षं. मी दारात उभी राहिले.

गल्लीच्या तोंडाशी सुभाषचा ऑटो उभा होता, धुतलेला, पुढे लिंबू-मिरची बांधलेली. तो ओरडला, "साहेब, बसा नं! बाजारात सोडतो दोघायले!"

प्रमिलाताईंनी वरूनच हात हलवला. "ऱ्हाऊ दे बापू. हे चालून राहिले, मी बसून राहिली. बरं चाललं आमचं." आणि लगेच पुढे, "खड्डा हाये! डावीकून!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. साताऱ्याहून बहीण. "काय करतेयस?" तिनं नेहमीसारखं विचारलं. स्कूटर गिरणीपाशी वळत होती. ताईंचा ताठ पाय तेवढा भिंतीच्या कडेला अजून दिसत होता.

"काही नाही गं," मी म्हटलं. "समोरच्यांना पाहून राहिले."

"काय म्हणालीस?" पलीकडून बहिणीनं विचारलं.

मी दुरुस्त केलं नाही.